वेशीबाहेरची विद्यापीठे : हिंगणे, ओखला, गडचिरोली

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे तालुक्याचे गाव मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. धानाची शेती, जुने तलाव, आसोलामेंढ्याचे पाणी आणि चहूबाजूंनी जंगल अशी या भागाची ओळख सांगता येईल. पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. या मुलखातील मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, तर तिच्या पदवीवर 2011 पर्यंत नागपूर विद्यापीठाचा शिक्का असे. फॉर्म, फेरतपासणी, स्थलांतराचा दाखला अशा प्रत्येक लहानसहान कामासाठी नागपूर गाठावे लागे. सिरोंचा, भामरागड किंवा एटापल्लीच्या मुलांसाठी तर नागपूर म्हणजे परमुलूखच होता. आज नदीपलीकडे गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ उभे आहे. पण विद्यापीठ जवळ आले म्हणजे ते आपले झाले काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

हा प्रश्न मुस्लिम समाजासाठी महत्त्वाचा आहे. आपल्यात आता मुलींना शिकवण्याबद्दल वाद उरलेला नाही. वाद आहे तो कुठे शिकवायचे, किती खर्च करायचा आणि शिकून पुढे काय, याविषयी. मोठ्या शहरांच्या बाहेर, महामार्गांच्या कडेला खाजगी विद्यापीठांच्या कमानी दिसतात. हिरवळ, काचेच्या इमारती, अभ्यासक्रमांची लांबलचक यादी आणि तेवढीच लांब फीची यादी. 'खाजगी विद्यापीठ' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आज हेच चित्र उभे राहते. हे चित्र पाहून एखादा गरीब बाप मागे फिरतो आणि 'हे आपल्यासाठी नाही' असे मनाशी म्हणतो.

पण 'खाजगी' या शब्दाचा अर्थ नेहमीच असा नव्हता. शंभर वर्षांपूर्वी या देशात दोन खाजगी विद्यापीठे निघाली. एक पुण्याबाहेर हिंगण्याला. दुसरे अलीगढला सुरू होऊन दिल्लीबाहेर ओखल्याला गेले. दोघांनाही सरकारी सनद नव्हती, दोघांच्याही पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती, आणि दोघांनीही देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हट्ट धरला. एक चालवले कोकणातल्या एका ब्राह्मण गणिताच्या मास्तरांनी, दुसरे चालवले मुस्लिम विद्वानांनी. या दोघांची गोष्ट एकत्र सांगितली जात नाही. ती एकत्र सांगितली तर आपल्या आजच्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

हिंगण्याची झोपडी

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 सालचा, कोकणातला. 1891 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पहिली पत्नी वारल्यावर 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या काळी हा गुन्हाच मानला गेला आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात सनातन्यांचा विरोध आणि त्यात प्लेगची साथ. 1900 मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याला हलला. गणेश गोविंद गोखले या गृहस्थांनी तेथे सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी 750 रुपये दिले होते. आज ज्या भागाला आपण कर्वेनगर म्हणतो, तो तेव्हा माळरान होता. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याला जायचे, असा कर्व्यांचा क्रम होता.

हे 'शहराबाहेर' असणे नीट समजून घेतले पाहिजे. आज विद्यापीठ शहराबाहेर जाते ते मोठी जमीन हवी म्हणून. कर्व्यांचा आश्रम गावाबाहेर गेला तो गावाने जागा दिली नाही म्हणून. ज्यांना समाज वेशीच्या आत नीट जगू देत नव्हता, त्यांच्यासाठी वेशीबाहेर एक घर बांधले गेले. 1907 मध्ये तेथे महिला विद्यालय निघाले. आता विधवांबरोबर इतर मुलीही शिकू लागल्या.

पुढची पायरी विद्यापीठाची. जपानमध्ये टोकियोला 1901 साली महिलांचे स्वतंत्र विद्यापीठ निघाले होते. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. डिसेंबर 1915 मध्ये मुंबईला सामाजिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष कर्वे होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 मध्ये ती अमलात आणली. तेव्हा त्यांचे वय 58 होते. नोकरीतून ते निवृत्त झाले होते, आणि आपल्याकडे या वयात माणसे नातवंडे खेळवतात. रा. गो. भांडारकर हे विद्यापीठाचे पहिले कुलपती आणि र. पु. परांजपे पहिले कुलगुरू झाले. नावे मोठी होती, पण महाविद्यालयाच्या वर्गात बसणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

या विद्यापीठात काय शिकवीत? शिकवण्याचे माध्यम मातृभाषा हे पहिले वैशिष्ट्य. पुण्यात मराठी, पुढे गुजरातेतील संस्थांमध्ये गुजराती. इंग्रजी हा विषय सक्तीचा होता, पण ती ज्ञानाची भाषा नव्हती, ज्ञानाचा एक विषय होती. दुसरे वैशिष्ट्य अभ्यासक्रमाचे. भाषा व साहित्य, इतिहास, समाजशास्त्र यांच्याबरोबर गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र सक्तीचे होते. गणित आणि विज्ञान ऐच्छिक होते. पदव्यांची नावेही देशी होती : पदवीधर स्त्री ती 'गृहीतागमा', त्यापुढची ती 'प्रदेयागमा'. जिने विद्या घेतली ती पहिली, जी विद्या देऊ शकते ती दुसरी. नावे जड आहेत, पण अर्थ सुंदर आहे.

या अभ्यासक्रमावर तेव्हाही टीका झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी दर्जाचा अभ्यासक्रम, मुंबई विद्यापीठाची पदवी मुलांना आणि हिंगण्याची पदवी मुलींना, अशी ही विभागणी झाली, असे टीकाकार म्हणत. गणिताच्या प्राध्यापकाने काढलेल्या विद्यापीठात गणितच ऐच्छिक असावे, यातला विरोधाभास कोणालाही दिसेल. कर्व्यांचे उत्तर व्यवहाराचे होते. इंग्रजीच्या भिंतीवर डोके आपटून ज्या हजारो मुली शाळेतूनच परततात, त्यांच्यापर्यंत आज काहीतरी पोचले पाहिजे. सगळे मिळेपर्यंत थांबायचे, तर काहीच मिळत नाही.

पैसा हा रोजचा प्रश्न होता. कर्वे दारोदार फिरत, चार-आठ आणेही घेत. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच. 1936 मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला गेले. म्हणजे माळरानावरची झोपडी शेवटी पैशाच्या शहरात आली. उतारवयात, 1929 पासून तीनएक वर्षे, कर्वे युरोप, अमेरिका, जपान, आफ्रिका असे हिंडले ते याच विद्यापीठाची माहिती देत, निधी मागत.

सरकारने या विद्यापीठाला कायदेशीर मान्यता दिली ती 1951 मध्ये. मधली 35 वर्षे या पदवीवर सरकारी नोकरीचा दरवाजा सहज उघडत नव्हता. तरी मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, गावोगावच्या कन्याशाळा त्यांनी चालवल्या. 1958 मध्ये कर्व्यांना भारतरत्न मिळाले, 1962 मध्ये वयाच्या 104 थ्या वर्षी ते वारले.

ओखल्याची वीट

आता दुसरी गोष्ट. हिंगण्याचे विद्यापीठ निघाले त्यानंतर चार वर्षांनी, 29 ऑक्टोबर 1920 रोजी, अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. असहकार आणि खिलाफतीचे ते दिवस होते. सरकारी अनुदानावर चालणारे शिक्षण नको, अशी हाक आली आणि अलीगढच्या कॉलेजातील काही विद्यार्थी व शिक्षक बाहेर पडले. देवबंदचे मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते स्थापना झाली. हकीम अजमल खान पहिले कुलपती आणि मौलाना मोहम्मद अली जौहर पहिले कुलगुरू झाले. वर्ग तंबूंत भरत.

येथे हिंगणे आणि जामिया यांत मोठा फरक आहे. कर्व्यांनी सरकारवर बहिष्कार टाकला नव्हता. सरकार मान्यता देत नाही तर तिच्यासाठी थांबायचे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जामियाचा जन्मच मुळी बहिष्कारातून झाला. म्हणून चळवळ जोरात होती तोवर पैसा आला. 1924 मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली, खिलाफत समितीची मदत आटली, आणि जामिया बंद करावी असे तिचे हितचिंतकही बोलू लागले. गांधीजींनी ती चालू राहावी असा आग्रह धरला. गरज पडली तर आपण भीक मागू, असे ते म्हणाले. 1925 मध्ये जामिया अलीगढहून दिल्लीला, करोलबागेत आली. 1927 च्या अखेरीस हकीम अजमल खान वारले आणि मोठा आधार गेला.

याच सुमारास, 1926 मध्ये, जर्मनीत शिकत असलेले तीन तरुण परत आले : झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब. झाकिर हुसेन कुलगुरू झाले तेव्हा ते तिशीचेही नव्हते. ते पुढे 22 वर्षे या पदावर राहिले. 1928 मध्ये जामियाच्या शिक्षकांनी एक प्रतिज्ञा घेतली : 20 वर्षे जामियाची सेवा करायची आणि 150 रुपयांहून अधिक वेतन घ्यायचे नाही. हे 150 रुपयेही वरची मर्यादा होती. हाती पडत असे ते त्याहून कमी, आणि तेही वेळेवर नाही. बर्लिनची डॉक्टरेट असलेला माणूस असा राहत होता. 'हमदर्दान-ए-जामिया' या नावाने लहान लहान देणगीदारांचे जाळे उभारले गेले. एका नवाबाच्या थैलीपेक्षा हजार लोकांचा एकेक रुपया बरा, असा त्यामागचा विचार होता.

जामियात काय शिकवीत? माध्यम उर्दू. प्राथमिक शाळेपासून कॉलेजपर्यंत सलग व्यवस्था. दीनियात, अरबी, इतिहास, अर्थशास्त्र, इंग्रजी यांच्याबरोबर हाताची कामे. लहान मुलांना पुस्तकातून कमी आणि कामातून अधिक शिकवायचे, ही जामियाची खासियत होती. मुलांचे मासिक निघे, मकतबा जामियाची पुस्तके निघत. पुढे 1938 मध्ये प्रौढांसाठी शिक्षणाचे काम आणि शिक्षकांसाठी प्रशिक्षणाची संस्था, 'उस्तादों का मदरसा', सुरू झाली. म्हणजे विद्यापीठ पदव्यांपुरते नव्हते. मोहल्ल्यातल्या निरक्षर म्हाताऱ्यापासून बालवर्गातल्या मुलापर्यंत सगळे त्याचे विद्यार्थी होते.

1935 मध्ये दिल्लीबाहेर, यमुनेच्या काठी ओखला गावाजवळ नव्या इमारतीची पायाभरणी झाली. मोठमोठे नेते हाताशी असताना पायाचा दगड शाळेतल्या सर्वांत लहान मुलाकडून बसवून घेतला. ही गोष्ट जामियात आजही अभिमानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. विद्यापीठ कोणाचे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. 1947 च्या दंगलीत करोलबागेतील मकतबा जामियाची पुस्तके जळाली, पण ओखल्याची जामिया उभी राहिली. तिला मानीव विद्यापीठाचा दर्जा मिळाला 1962 मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर 42 वर्षांनी. आणि केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा 1988 मध्ये.

येथे एक उणीवही सांगितली पाहिजे. कर्व्यांच्या विद्यापीठाच्या आरंभीच्या वर्गांत प्रामुख्याने उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या मुली होत्या. बहुजन आणि मुस्लिम मुलींपर्यंत ते बराच काळ पोचले नाही. जामियाच्या सुरुवातीच्या वर्गांत मुलगे होते. मुलींचा विचार तिथे मागाहून आला. आपल्या समाजात मुलींच्या शिक्षणासाठी त्या काळी झुंज दिली ती अलीगढच्या शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी. 1906 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, पुढे वसतिगृह बांधले, आणि 1937 मध्ये त्याचे पदवी महाविद्यालय झाले. कर्वे हिंगण्यात जे करत होते, तेच हे पतिपत्नी अलीगढमध्ये करत होते. दोघांनाही शिव्या जवळपास सारख्याच खाव्या लागल्या. 'मुली शिकल्या तर धर्म बुडेल' हे वाक्य कोणत्याही एका धर्माच्या मालकीचे नाही.

सावली आणि वर्धा

या सगळ्याचा चांदा जिल्ह्याशी काय संबंध? संबंध आहे. सावली त्या काळी खादीचे मोठे केंद्र होते. 1936 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या आरंभी गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीला भरले. किशोरलाल मश्रूवाला संघाचे अध्यक्ष होते, आणि गांधीजी स्वतः त्या दिवसांत सावलीत राहून बोलत होते. जंगलाच्या काठावरच्या या गावात देशभरातले कार्यकर्ते येऊन बसले होते, आणि चर्चा होती ती गावाच्या हाताला काम कसे द्यायचे याची.

पुढच्याच वर्षी, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी, वर्ध्याला शिक्षण परिषद झाली. गावाच्या हाताचे काम हेच मुलांच्या शिक्षणाचे माध्यम व्हावे, शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि सात वर्षे मोफत असावे, असा विचार तेथे मांडला गेला. योजना तयार करण्यासाठी समिती नेमली तिचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले ओखल्याचे झाकिर हुसेन. झाकिर साहेबांनी परिषदेत गांधीजींसमोर स्पष्टपणे सांगितले की शिक्षणाचा खर्च मुलांच्या कामातून काढण्यावर फार भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेतील. मतभेद असूनही त्यांच्याकडेच काम सोपवले गेले, आणि त्यांनीही ते मनापासून केले. आज असा मोकळेपणा कमीच दिसतो.

येथे आपल्या इतिहासातले एक दुखरे पानही आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे चांदा जिल्हा ज्यात होता त्या प्रांतात, काँग्रेस सरकारने याच सुमारास 'विद्यामंदिर' योजना आणली. 'मंदिर' या नावाला मुस्लिमांनी आक्षेप घेतला. नाव बदलणे अवघड नव्हते, पण ते प्रतिष्ठेचे झाले. 1938 च्या पीरपूर अहवालात मुस्लिम लीगने या तक्रारीचा पुरेपूर वापर केला. वर्धा योजना आणि विद्यामंदिर योजना या दोन्ही एकाच माळेत ओवल्या गेल्या, आणि एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाने तयार केलेली योजना मुस्लिमविरोधी ठरली. मातृभाषा, हस्तकला, मोफत शिक्षण या ज्या गोष्टी गरीब मुस्लिमांच्या सर्वांत फायद्याच्या होत्या, त्या नावाच्या भांडणात बाजूला पडल्या. एका बाजूने दुसऱ्याच्या भावना जाणून घेतल्या नाहीत, दुसऱ्या बाजूने राजकारण साधले. नुकसान झाले ते मुलांचे.

गडचिरोलीचे विद्यापीठ

नागपूर विद्यापीठ 1923 मध्ये स्थापन झाले. त्याआधी नागपूरच्या हिस्लॉप आणि मॉरिस या कॉलेजांच्या परीक्षा दूरच्या विद्यापीठांच्या असत, कधी कलकत्त्याच्या, कधी अलाहाबादच्या. चांद्याच्या पलीकडे, गोदावरीपार निजामाचे राज्य होते. तेथे 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि वैद्यक, विज्ञान, कायदा असे सगळे विषय उर्दूतून शिकवण्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले गेले. ते खाजगी नव्हते, राज्याचे होते. पण देशी भाषेतून सर्वोच्च शिक्षण देता येते, हे त्यानेही दाखवले. मात्र त्याच राज्यातल्या मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी उर्दू ही मातृभाषा नव्हती, हेही विसरता येत नाही. एकाची मातृभाषा दुसऱ्यासाठी भिंत होऊ शकते.

गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी. त्यानंतर 29 वर्षांनी, 27 सप्टेंबर 2011 रोजी, नागपूर विद्यापीठापासून वेगळे करून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. नाव गोंडांच्या भूमीवरून घेतले आहे, आणि ते उचित आहे. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे गोंड राज्य घेतले होते. हे विद्यापीठ सरकारी आहे. त्याच्या पदवीला पहिल्या दिवसापासून मान्यता आहे. हिंगण्याला ज्यासाठी 35 वर्षे आणि जामियाला 42 वर्षे वाट पाहावी लागली, ते गडचिरोलीला जन्मतःच मिळाले.

येथील परिसरात इतिहास, समाजशास्त्र, इंग्रजी, गणित, वाणिज्य अशा विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि दोन जिल्ह्यांतील कला, विज्ञान, वाणिज्य, शिक्षणशास्त्र अशा महाविद्यालयांच्या परीक्षा ते घेते. वनउपज, बांबू, ग्रामसभा या इथल्या जगण्याशी जोडलेले शिक्षणही विद्यापीठाने हाती घेतले आहे. हे महत्त्वाचे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबूचा हिशेब, कायद्याची कलमे, मोजणी, लिलाव हे सगळे गावाला स्वतः शिकावे लागले. अशा गावाला लागणारे ज्ञान विद्यापीठात नसेल, तर ते विद्यापीठ गडचिरोलीत आहे की पुण्यात, याने काय फरक पडतो?

भाषेचा प्रश्न येथेही आहे. गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, झाडीबोली आणि आपल्या घरातली दख्खनी वळणाची हिंदी-उर्दू, अशा कितीतरी भाषा या दोन जिल्ह्यांत घरात बोलल्या जातात. आपली मुले मराठी शाळेत शिकतात, मशिदीत अरबी वाचतात, घरात तिसरेच बोलतात. मराठी ही आपल्या शिक्षणाची भाषा आहे आणि आपण ती आपली मानतो. हे वार्षिक त्याचीच साक्ष आहे. पण ज्या माडिया मुलाला मराठीच परकी आहे, त्याच्या अडचणीकडे पाहताना आपण विद्यामंदिराचे दिवस आठवले पाहिजेत. आपल्याला जे खुपले, ते दुसऱ्याला आपल्याकडून खुपू नये.

हिशेब

या तीन गोष्टींवरून तीन प्रश्न हाती लागतात. कोणतेही विद्यापीठ, खाजगी असो वा सरकारी, या प्रश्नांवर तपासून पाहता येईल.

पहिला प्रश्न, पैसा कोणाचा? हिंगणे आणि जामिया खाजगी होती. पण त्यांचा पैसा विद्यार्थ्यांच्या खिशातून नव्हे, देणगीदारांच्या आणि शिक्षकांच्या त्यागातून आला. आज महाराष्ट्रात स्वतंत्र कायद्यांनी निघालेली स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मुख्यतः फीवर चालतात. शब्द एकच, अर्थ उलटा. यातली सगळीच वाईट आहेत असे नाही. पण गरिबाच्या मुलासाठी तिथे किती जागा, आणि त्या जागेचे पैसे कोण भरतो, हे विचारल्याशिवाय तेथील अभ्यासक्रमांच्या यादीला भुलू नये.

दुसरा प्रश्न, भाषा कोणती? इंग्रजी हवीच. कर्व्यांनी ती सक्तीची ठेवली, जामियानेही शिकवली. पण इंग्रजी येत नाही म्हणून विज्ञान, कायदा, हिशेब यांचे दरवाजे बंद होणार असतील, तर ते विद्यापीठ गाळणी आहे.

तिसरा प्रश्न, पदवीला मोल कोण देतो? येथे भावनेच्या भरात वाहून जाऊ नये. मान्यता नसलेल्या पदवीचे हाल त्या पिढ्यांनी भोगले, कारण त्यांच्यामागे चळवळ होती. आज कोणी मान्यतेशिवाय संस्था काढून 'आपल्या कौमचे विद्यापीठ' म्हणू लागला, तर आधी कागद पाहावा, मग मूल पाठवावे.

आपल्या समाजाची स्थिती आकड्यांनी सांगितलेली आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविकाधारक 4 टक्क्यांहून कमी होते, तर सगळ्या लोकसंख्येत ते 7 टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्र सरकारने 2008 मध्ये नेमलेल्या महमूदुर्रहमान समितीने 2013 मध्ये अहवाल दिला. जुलै 2014 मध्ये मुस्लिमांतील मागास घटकांना 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातील आरक्षण रोखले नाही. तरीही अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि डिसेंबरमध्ये तो संपला. 2022 मध्ये संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद शिष्यवृत्ती केंद्राने बंद केली. म्हणजे सरकारी विद्यापीठ दारात आले, पण आत जाण्यासाठी लागणारा हात मागे घेतला गेला.

मग समाजाने काय करावे? प्रत्येक जिल्ह्यात आपले विद्यापीठ काढावे, असे म्हणणे सोपे आहे, पण ते शक्य नाही आणि गरजेचेही नाही. मुंबईत 1874 मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम काढली तेव्हा त्यांनी एका शाळेपासून सुरुवात केली. गडचिरोलीत विद्यापीठ आहे. तेथे राहून शिकण्यासाठी मुलींचे एक साधे, सुरक्षित वसतिगृह आपल्याला उभारता येईल. सगळ्या जातीधर्मांच्या मुलींसाठी ते खुले असावे. कर्व्यांना सहा एकर जमीन आणि 750 रुपये मिळाले, त्यावर एक विद्यापीठ उभे राहिले. जकात आणि सदक्याचा जो पैसा आपल्या गावांतून दरवर्षी बाहेर जातो, त्यातला थोडा हिस्सा गावच्या गरजू मुलींच्या फीसाठी आणि एस.टी.च्या पाससाठी राखता येईल. हमदर्दान-ए-जामियाने हेच केले होते.

कायद्याच्या बाजूनेही दार बंद नाही. राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अलीगढ विद्यापीठाच्या प्रकरणात 1967 चा जुना निकाल बाजूला सारला आणि सांगितले की संस्था कायद्याने स्थापन झाली एवढ्यावरून तिचे अल्पसंख्याक स्वरूप नाकारता येत नाही. ती उभारण्यामागे कल्पना कोणाची, पैसा कोणाचा, धडपड कोणाची हे पाहिले पाहिजे. हाच तर हिंगणे आणि ओखल्याचा धडा आहे. संस्थेवर हक्क सांगायचा असेल, तर तिच्या पायात आपली वीट असावी लागते.

वैनगंगेवर आता पूल आहे. सावलीहून सकाळी निघालेली मुलगी संध्याकाळी घरी परत येऊ शकते. एवढे जवळ विद्यापीठ या मुलखाने पूर्वी कधी पाहिले नव्हते. ते तिच्यासाठी खुले राहील की केवळ रस्त्यावरून दिसणारी एक इमारत राहील, हे सरकारवर जेवढे अवलंबून आहे तेवढेच आपल्या मोहल्ल्यावर, आपल्या जमातीच्या बैठकीवर आणि तिच्या घरातल्या निर्णयावरही अवलंबून आहे.